गाळलेला पहिला मुद्दा

५ फेब्रुवारी, सोमवार

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पार्सल शुक्रवारी दुपारी हातात पडलं. आत काय काय निघालं ते आधी लिहिते, म्हणजे वाटेत काही गहाळ झालं असेल तर तुला कळेल. पेनड्राइव्ह दोन, एक लाल आणि एक काळा. तुझ्या अक्षरातले सूचनांचे कागद चार, पाठपोट. चहाचा पुडा एक, तोही कोपऱ्यात फुटलेला. तिकिटं कमी लावली होतीस म्हणून पोस्टमनला वरचे पंचेचाळीस मोजले. सिस्टिमचा खर्च, काही नाही. ही शेवटची ओळ वहीत लिहिताना मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! दुकानदाराने नव्या कॉम्प्युटरचा आणि त्यावरच्या कंपनीच्या सिस्टिमचा मिळून आकडा सांगितला होता तो ऐकून मी दुकानातच खुर्चीवर बसले होते. आपला नऊ वर्षांचा कॉम्प्युटर धडधाकट आहे, पण कंपनीची नवी सिस्टिम त्याला पेलवत नाही आणि जुनीला महिनाअखेरीनंतर कंपनी विचारणार नाही, असं तो म्हणाला. म्हणजे चालत्या माणसाला म्हातारा ठरवून घरी बसवायचं.

तर सांगायची गोष्ट ही की, तुझं काम मी फत्ते केलं. वन्सं ऑफिसच्या शिक्षणासाठी बाहेरगावी गेल्या आहेत, त्या गुरुवारी येतील. त्या डॉक्टरांनी बोलून ठेवलेल्या नोंदी ऐकून टाइप करतात ते तुला ठाऊकच आहे. त्या घरात असताना कॉम्प्युटर दोन तास मोकळा मिळणं शक्य नाही. म्हटलं, आल्यावर चकितच करू. शनिवारी देवाचं आटोपलं, दार लावून घेतलं आणि तुझे कागद समोर ठेवून बसले. वन्संच्या सगळ्या फाइली लाल पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या, एकूण सहाशे बारा, दोनदा मोजल्या. मग काळा लावला, तुझी ती फुकटची सिस्टिम चढवायला. त्याने विचारलं, सगळं पुसून टाकू का. मी हो म्हटलं. परत विचारलं, खात्री आहे का. परत हो म्हटलं. मॅट्रिक झालेल्या बाईने एवढं केलं याचं कौतुक तू करशीलच.

एक कबूल करते. तुझ्या कागदावरचा पहिला मुद्दा मी गाळला. कॉम्प्युटर जो माणूस सगळ्यात जास्त वापरतो त्याला आधी विचार, असं तू लिहिलं आहेस. पण वन्संना विचारलं असतं तर आल्यावर बघू, असं म्हणून त्यांनी महिना घालवला असता. आणि ज्यांना स्क्रीनच दिसत नाही त्यांना स्क्रीनवर काय बदललं याचं काय वाटायचंय? वाचून दाखवणारा आवाज ह्यातही आहे. तू लिहिलेल्या कळा दाबून मी तो चालू करून पाहिला, चांगला खणखणीत बोलतो. फक्त एक, सकाळी चालू करताच कॉम्प्युटर उठ ग बाई, कामाला लाग, असं म्हणायचा, ते आता म्हणत नाही. कंपनीच्या सवयी कंपनीबरोबर गेल्या असतील.

ह्यांना नवं फार आवडलं. बाइंडिंगच्या दुकानातून आले की पत्त्यांचा डाव मांडून बसतात. पत्ते मोठे दिसतात आणि मध्येच जाहिरात येत नाही म्हणतात. मी माझा महिन्याचा तक्ता त्यावर मांडून पाहिला, बेरीज बरोबर आली. फुकटात तिघांची सोय झाली.

वहिनीला आशीर्वाद. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी,
ताई


९ फेब्रुवारी, शुक्रवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आत्ताच शाळेच्या पत्त्यावर मिळालं आणि प्रयोगशाळेतला तास मुलांवर सोपवून लिहायला बसलो. कौतुक नंतर करतो. आधी मला हे सांग, वन्संच्या कॉम्प्युटरवर वाचून दाखवणारा जो प्रोग्रॅम होता तो कुठला? विकत घेतलेला होता का? त्याने शिकलेले शब्द एका वेगळ्या, सहज न दिसणाऱ्या जागी साठवलेले असतात. त्या जागेचं नाव मी सूचनांमध्ये लिहिलं नाही. मी फक्त फाइली उतरवून घे, एवढंच लिहिलं. हे मला तुझं पत्र वाचता वाचता आठवलं.

दुसरं, त्यांच्या ऑफिसचा टायपिंगचा जो प्रोग्रॅम आहे, पायाने पट्टी दाबून आवाज मागेपुढे करायचा, तो मी पाठवलेल्या मुक्त सिस्टिमवर चालतो का हे वन्संनाच माहीत असणार. माझा अंदाज आहे की चालत नाही. असे प्रोग्रॅम बहुतेक कंपनीच्याच सिस्टिमसाठी लिहिलेले असतात.

आणि ताई, तिला फुकट म्हणू नकोस. गेली बारा वर्षं मी मुलांना हेच शिकवतो की ती मुक्त आहे. तिच्या आत काय लिहिलंय ते कोणीही वाचावं, बिघडलं तर दुरुस्त करावं, दुरुस्ती सगळ्यांना द्यावी. पैसे लागत नाहीत ही फार शेवटची गोष्ट. तू मात्र तेवढीच पहिली धरलीस. पण ह्यात तुला हसायचा माझा हक्क आज राहिलेला नाही.

वन्संशी बोललीस का? त्यांनी काय म्हटलं ते कळव. फोन करतो म्हटलं तर तू फोनवर आवाज खाली नेऊन हूं हूं करतेस, त्यातून मला काही कळत नाही.

तुझा,
धाकटा


१० फेब्रुवारी, शनिवार

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र अजून आलं नाही, पण थांबवत नाही म्हणून लिहिते.

वन्सं गुरुवारी दुपारी आल्या. प्रवास चांगला झाला म्हणाल्या, हातपाय धुतले, चहा घेतला आणि टेबलाशी जाऊन बसल्या. बसताक्षणी त्यांनी विचारलं, ह्या खुर्चीवर कोण बसलं होतं. मी खुर्ची दोन बोटं वर केली होती, खाली करायची राहिली. मी हसत होते रे. मला वाटत होतं आता गंमत होईल. त्यांनी बटण दाबलं आणि मान जराशी तिरकी करून थांबल्या. ते उठ ग बाई यायची वाट बघत होत्या, हे मला तेव्हा कळलं नाही. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा तो नवा आवाज बोलू लागला. वन्संनी सवयीने चार कळा दाबल्या, त्याने भलतंच काहीतरी उघडलं. आणखी चार दाबल्या. मग हात मांडीवर ठेवला.

मी सगळं सांगितलं, तू केलेली मदत, वाचलेला खर्च, मोजलेल्या फाइली. त्या ओरडल्या नाहीत. फक्त एवढंच विचारलं की, पुसण्याआधी त्याने खात्री आहे का असं विचारलं होतं का. मी म्हटलं, विचारलं, दोनदा. त्या हसल्या. ते हसू मला परवापासून जपाला बसले तरी ऐकू येतं. मणी कुठवर आला ते विसरते आणि परत पहिल्यापासून धरते.

आता काय काय गेलं ते मला कळलंय, तेही तुकड्या तुकड्यांनी. तो वाचणारा आवाज त्यांनी स्वतःच्या पहिल्या पगारातून विकत घेतलेला होता. नऊ वर्षं त्याला त्यांनी शिकवलं. कुठलं औषध कसं म्हणायचं, कुठला डॉक्टर शब्द कसा खातो, कुठली दोन अक्षरं दाबली की अख्खी ओळ उमटावी. तीन हजारांवर शब्द होते म्हणाल्या. आणि ते उठ ग बाई कंपनीचं नव्हतंच. सासूबाई गेल्या त्या वर्षी वन्संनी ते स्वतः आत घातलं होतं. सासूबाई रोज सकाळी त्यांना तसंच उठवायच्या. मी ह्या घरात इतकी वर्षं राहते, आधी सासूबाईंच्या तोंडून आणि मग यंत्रातून ते मी रोज ऐकलं, आणि मला ते यंत्राचं बोलणं वाटलं.

ऑफिसचा प्रोग्रॅम नव्या सिस्टिमवर चालतच नाही. वन्संनी ऑफिसच्या बाईंना फोन केला. सव्वीस तारखेला त्यांची परीक्षा घेतील, तोवर कंपनीची सिस्टिम हवी आणि हात पहिल्यासारखा चालायला हवा, नाहीतर काम दुसऱ्या कोणाकडे जाईल. आणि दुसरा फोन त्यांनी नोकरी करणाऱ्या बायकांच्या वसतिगृहाला केला, खोली रिकामी होणार आहे का विचारायला. मी स्वयंपाकघरात होते. दूध ओट्यावर वाहून गेलं, मला दिसलं नाही. ठेवलेली वस्तू तिथेच राहील अशी जागा हवी, असं त्या फोनवर म्हणाल्या. ह्यांच्याशी बोलले तर हे म्हणाले, चिडलीये, उतरेल. आणि पत्ते पिसायला लागले.

हे सगळं फोनवर तुला सांगता येत नाही. वन्संचे कान तुला ठाऊक आहेत, दाराआडची कुजबुजही त्यांच्यापर्यंत जाते. कागदावर लिहिलेलं मात्र त्यांना कळत नाही. हे वाक्य लिहिल्यावर मी पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

आज दुपारी डोळ्यांवर पंचा बांधून मी त्या कॉम्प्युटरवर माझा तक्ता उघडायचा प्रयत्न केला. तासाभरात उघडला नाही. तुला कळा पाठ असतील तर त्यांची यादी धाड.

तुझी,
ताई


१४ फेब्रुवारी, बुधवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं शनिवारचं पत्र मिळालं. माझं शुक्रवारचं तुला नंतर मिळालं असेल, म्हणजे दोन्ही पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. सगळा दोष तू अंगावर घेतलायस तो अर्धा माझा आहे. सूचना लिहिताना मी तुझा विचार केला, तुझ्या वहीचा, भाऊजींच्या पत्त्यांचा. वन्संचं नाव मी एकदाही लिहिलं नाही, जो माणूस असं लिहिलं.

गेलेले शब्द परत येणार नाहीत. पुसलेल्या जागेवरच नवी सिस्टिम लिहिली गेली आहे. शहरातल्या कुठल्याही दुकानदाराने परत काढून देतो म्हटलं तरी पैसे देऊ नकोस.

आता कामाचं. मागे तू विचारलं होतंस ना, दोन्ही सिस्टिमींत चांगली कोणती. बारा वर्षांपूर्वी मी एका दमात उत्तर दिलं असतं. तुझ्या तक्त्याला आणि भाऊजींना मुक्त सिस्टिम पुरून उरेल, जुना कॉम्प्युटर अजून पाच वर्षं पळेल. आमच्या शाळेत चाळीस कॉम्प्युटर आहेत, कंपनीचे परवाने घ्यायचे तर शाळेने खडू घ्यायचे थांबवावे लागतील. तिथेही ती हवीच. पण वन्संना ऑफिसचा प्रोग्रॅम हवा, त्याला पायाची पट्टी ओळखता यायला हवी, आणि वाचणारा आवाज त्या प्रोग्रॅमच्या आतपर्यंत पोचायला हवा. हे तीनही आज कंपनीच्या सिस्टिमवरच होतं. हे मी लिहावं म्हणजे कमालच, पण खरं तेच. माझ्या एका अंध मित्राला विचारलं, तो मुक्त सिस्टिमवर सुखाने काम करतो. पण तो प्रोग्रॅम लिहितो, डॉक्टरांच्या नोंदी टाइप करत नाही. आणि ती त्याने स्वतः निवडली.

एक आशा आहे. विकतच्या आवाजाची जुनी पावती किंवा परवान्याचा आकडा सापडला तर जुन्या गिऱ्हाइकाला नवी आवृत्ती बऱ्याच कमी पैशांत देतात. नऊ वर्षांपूर्वीची पावती कोण ठेवतं म्हणा. पण मी तुझा भाऊ आहे, मला तुझे डबे माहीत आहेत. कळांची यादी सोबत जोडली आहे.

पैसे लागले तर लाजू नकोस.

तुझा,
धाकटा


१९ फेब्रुवारी, सोमवार

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पावती सापडली. बिस्किटांच्या तिसऱ्या डब्यात, विजेच्या बिलांच्या खाली, चार घड्या घातलेली. आकडा थोडा पुसट झालाय पण वाचता येतो. दुकानात जाऊन नवा कॉम्प्युटर घेतला. माझे दात बसवायला पैसे ठेवले होते त्यातून. चावता येत नाही असं थोडंच आहे, डाव्या बाजूने येतं. कंपनीच्या सिस्टिमचे आणि आवाजाच्या नव्या आवृत्तीचे पैसे वन्संनी स्वतः दिले. मी देते म्हटलं तर म्हणाल्या, ह्यावेळी ते माझं असू दे वहिनी, म्हणजे कोणी पुसायला आलं तर मला विचारावं लागेल. दुकानदार आमच्या तोंडाकडे बघत राहिला.

त्यानंतर त्या बोलल्या, प्रथमच. रस्त्यात, माझ्या कोपराला धरून चालत असताना. त्यांना कॉम्प्युटरचा राग कमी आहे. आपल्या घरात त्यांच्या भल्यासाठी सगळं केलं जातं आणि त्यांना शेवटी कळतं, ह्याचा जास्त आहे. त्यांच्या कपाटातले कपडे मी रंग बघून लावते, त्यांनी कापड चाचपून लावलेले असतात. पलंग मी उजेडासाठी खिडकीशी सरकवला, त्यांना उजेडाचं काय करायचं होतं? आठवडाभर त्यांची नडगी ठेचकाळत होती. तुझ्या मुक्त सिस्टिमबद्दल मी त्यांना तू लिहिलंस तेच सांगितलं, की ती कोणालाही उघडून बघता येते, बदलता येते. त्या म्हणाल्या, तुमच्या भावाला सांगा, चांगली आहे हो, पण मला ती मुक्त वाटली नाही, माझ्यापुढे निवड कुठे ठेवली होती. तुला ह्याचं उत्तर सुचलं तर कळव.

नवा आवाज पुष्कळ बरा आहे, पण त्याला काहीच येत नाही. दुपारी दोन ते पाच आम्ही दोघी बसतो. मी जुन्या नोंदींमधून औषधांची नावं वाचते, त्या त्याला शिकवतात. आजपर्यंत दोनशे चौदा झाले. तीन हजार कुठे आणि हे कुठे. सव्वीस तारीख अशी अंगावर येतेय की रोज सकाळी उठल्याबरोबर दिवस मोजते.

आता खरी गोष्ट लिहिते, जिच्यासाठी हा कागद घेतला. शनिवारी वसतिगृहाचं पत्र आलं, वन्संच्या नावाचं. त्या आत होत्या, मी दारात घेतलं. खोली आहे. चोवीस तारखेपर्यंत लेखी होकार नाही आला तर पुढच्या बाईला देतील. धाकट्या, ते पत्र मी वन्संना वाचून दाखवलं नाही. ते तिसऱ्या डब्यात आहे, पावती होती त्याच जागी. मी काही खोटं बोललेले नाही, कारण कोणी विचारलं नाही. पाच दिवस गप्प बसले की चोवीस तारीख आपसूक निघून जाईल आणि वन्सं घरातच राहतील. परीक्षा झाली, शब्द शिकवून झाले की राग उतरेलच की. त्या बाहेर एकट्या कशा राहतील? हे असं मी देवापुढे बसून मनाशी घोळवते, आणि मग मला तो कॉम्प्युटर आठवतो, खात्री आहे का म्हणून दोनदा विचारणारा.

काल त्या पत्र्याच्या आवाजाच्या कॉम्प्युटरवर, पंचा बांधून, मी माझा तक्ता उघडला. अकरा मिनिटं लागली. हिशेब वाचला. आनंद व्हायला हवा होता, तर डोळ्यांवरचा पंचा ओला झाला.

मी काय करू ते उलट टपाली लिही. तुझं उत्तर चोवीसच्या आत पोचेल असा हिशेब करून आजच पोस्टात टाकते.

तुझी,
ताई


२२ फेब्रुवारी, गुरुवार

ती. ताईस,
सा. न.

माझ्या कागदावरचा पहिला मुद्दा. दुसरं काही लिहीत नाही.

धाकटा


२७ फेब्रुवारी, मंगळवार

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र मी टाइप करते आहे, जुन्या कॉम्प्युटरवर, स्क्रीनवर पंचा टाकून. तो आता स्वयंपाकघरात असतो. कळ दाबली की तो अक्षर मोठ्याने बोलतो, शब्द झाला की शब्द बोलतो. शेजारी वन्सं शेंगा सोलत बसल्या आहेत आणि मी काय लिहिते ते ऐकताहेत. चुकलं की शेंग सोलायची थांबतात, त्यावरून मला कळतं. जपून लिहायला हवं. तुला चहाच्या फुटक्या पुड्यावरून काही बोलणार होते, ते राहू दे.

तुझी एका ओळीची चिठ्ठी शनिवारी, चोवीसलाच पोचली. तिच्यावर तिकीट मात्र पूर्ण होतं. पण मला जे करायचं होतं ते मी तीन दिवस आधीच करून बसले होते. बुधवारी दुपारी दोनला आम्ही शब्द शिकवायला बसलो. कुठल्या तरी गोळीचं नाव वाचताना माझी जीभ अडखळली. मी उठले, डबा उघडला, पत्र आणलं आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचलं. चोवीस तारखेचं वाक्य वाचलं. पाकिटावरचा शिक्काही वाचला, शनिवारचा. मग म्हटलं, वन्सं, हे चार दिवस माझ्याकडे होतं.

त्या म्हणाल्या, माहीत आहे. शनिवारी पोस्टमनने दारात त्यांचं नाव घेतलेलं त्यांनी आतून ऐकलं होतं. त्यानंतर डब्याचं झाकण वाजलं तेही. तिसऱ्या डब्याचं झाकण बाकीच्या डब्यांपेक्षा हलकं वाजतं म्हणे. त्या चार दिवस थांबल्या होत्या, मी काय करते ते बघायला. बघायला हा शब्द त्यांचाच. आणि मी तुला पत्रं लिहिते तेही त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. वहीत हिशेब मांडताना माझं पेन सरळ चालतं आणि त्यांच्याबद्दल लिहिताना थांबत थांबत चालतं. तुझ्या पत्रांतलं काय ते मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून त्या दिवशी मी आपली पाचही पत्रं, माझ्या तिन्हींची घरी राहिलेली कच्ची टिपणं आणि तुझी दोन्ही, त्यांना वाचून दाखवली. स्क्रीन दिसत नाही त्याला काय वाटायचंय, हे वाक्यही वाचलं. ते वाचायला वेळ लागला. त्या म्हणाल्या, पुढे वाचा.

वसतिगृहाचं उत्तर त्यांनी स्वतःच टाइप केलं, नव्या कॉम्प्युटरवर, माझ्याकडे पाठ करून. छापलं, घडी घातली आणि मला पोस्टात टाकायला दिलं. वाचलंत तरी चालेल म्हणाल्या. मी वाचलं नाही. पोस्टापर्यंतचा रस्ता मला नेहमी दहा मिनिटांचा वाटतो, त्या दिवशी पाकीट हातात धरून मी किती चालले देव जाणे. पेटीत टाकताना ते दोनदा बाहेर काढलं. पण डिंक फोडला नाही.

काल ऑफिसात परीक्षा झाली. चाळीस मिनिटांचं बोलणं टाइप करायचं होतं, त्यातलं त्यांचं एकतीस मिनिटांचं झालं. चुका मात्र तीनच. त्यातल्या दोन डॉक्टरांच्याच होत्या असं त्या म्हणतात. ऑफिसच्या बाईंनी सांगितलं की महिनाभर अर्धं काम, हात पहिल्यासारखा चालला तर पूर्ण. घरी आल्यावर चप्पल काढता काढता त्यांनी मला सांगितलं की वसतिगृहाला त्यांनी नकारही लिहिलेला नाही आणि होकारही लिहिलेला नाही. आपलं नाव यादीत ठेवा, जूनमध्ये कळवते, असं लिहिलंय. म्हणजे त्या ऑफिसात महिनाभर परीक्षेवर आणि मी घरात जूनपर्यंत. हे म्हणाले, मग मी पास झालो का? वन्सं म्हणाल्या, दादा, तू परीक्षेलाच बसला नाहीस. हे अजून विचार करताहेत.

आता त्यांच्या खोलीत जाताना मी दारावर टिचकी मारते. कपाटाला हात लावत नाही. पलंग पहिल्या जागी गेला, तो ढकलताना आम्ही दोघींनी मिळून ढकलला आणि माझी नडगी ठेचकाळली. वन्संना फार आनंद झाला, त्यांनी लपवला नाही. शब्द चारशे नव्वदवर आलेत. कोणता आधी शिकवायचा हे त्या ठरवतात.

आज सकाळी मी देवापुढे बसले होते. भिंतीपलीकडे नवा कॉम्प्युटर चालू झाल्याचं ऐकू आलं, आणि मग तो नवा, अनोळखी आवाज म्हणाला, उठ ग बाई, कामाला लाग. माझा मणी हातातून सुटला. कितवा होता ते आठवेना. मी परत पहिल्यापासून धरला आणि आज त्याचं वाईट वाटलं नाही.

वन्सं म्हणतात, आता आवरा, शेंगा संपल्या. त्यांचा तुला एक निरोप आहे, त्यांच्या शब्दांत टाइप करते. हा स्वयंपाकघरातला आवाज वहिनी हा शब्द असा काही ओढतो की कोणीतरी विहिरीत पडल्यासारखं वाटतं. तुमची सिस्टिम कोणालाही दुरुस्त करता येते असं बारा वर्षं शिकवता ना, मग ते उच्चार कुठल्या फाइलीत असतात ते सांगा. मी स्वतः दुरुस्त करते आणि सगळ्यांना देते. मला विचारून लावली असती तर एवढ्यात केलीही असती.

काळा पेनड्राइव्ह सोबत परत पाठवते, त्यात हेच पत्र आहे. लाल वन्संनी ठेवून घेतलाय. तुझं उत्तर काळ्यातच घालून उलट टपाली धाड, कागदावर लिहू नकोस. इथे ते दोघींनी एकदमच ऐकायचं आहे.

तुझी,
ताई